किरणोत्सर्ग : बाहेरून लागला की आत गेला?

रात्रपाळीला शेडच्या एका टोकाला दोरी बांधलेली असते, लाल दिवा लागलेला असतो आणि बाहेरून आलेली दोन माणसं जड पेटी घेऊन कास्टिंगचं किंवा वेल्डिंगच्या सांध्याचं ‘आरटी’, म्हणजे किरणांनी आरपार फोटो काढून तपासणी, करत असतात. सोलापूरजवळच्या चिंचोळीसारख्या एमआयडीसीत काम करणाऱ्याला हे दृश्य नवं नाही. सकाळी घरी जाताना मनात येतं : आपल्या अंगात काही गेलं तर नसेल? ते कुठे तपासून मिळतं? सोलापूरच्या लॅबमध्ये विचारलं तर तिथला माणूस रक्त-लघवीच्या तपासण्यांची यादी पुढे करतो आणि त्या यादीत असलं काही नसतं.

शरीरातला किरणोत्सर्ग मोजता येतो, आणि चांगला नेमका मोजता येतो. पण कोणती तपासणी करायची, हे एका प्रश्नावर ठरतं : किरण बाहेरून लागले, की किरणोत्सर्गी पदार्थ शरीराच्या आत गेला? या दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांची मोजमापंही वेगळी आहेत. हा फरक माहीत नसेल तर एकीकडे पैसा जातो आणि दुसरीकडे खरी काळजी घ्यायची राहून जाते.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. ज्याच्या अंगात किरणोत्सर्ग शून्य आहे, असा माणूस जगात नाही. आपल्या स्नायूंना पोटॅशियम लागतं आणि निसर्गातल्या सगळ्या पोटॅशियममध्ये पोटॅशियम-४० हा किरणोत्सर्गी प्रकार ०.०११७ टक्के असतोच. त्याचं अर्धआयुष्य, म्हणजे निम्मा व्हायला लागणारा काळ, सव्वाशे कोटी वर्षांचं, म्हणजे पृथ्वी तयार झाली तेव्हापासूनचा हा साठा आहे. एक ग्रॅम पोटॅशियममधून दर सेकंदाला सुमारे ३१ अणू फुटतात. एका सेकंदाला एक अणू फुटला तर त्याला एक बेकरेल म्हणतात. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात १४० ग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं. हिशेब करा : साधारण ४,३०० ते ४,४०० बेकरेल. तुमच्या अंगात, माझ्या अंगात, दिवसरात्र.

हे येतं जेवणातून. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात अंदाजे ११ बेकरेल पोटॅशियम-४० असतं, शंभर ग्रॅम शेंगदाण्यात त्याच्या दुप्पट. म्हणून भाकरी आणि शेंगाचटणी सोडायची नाही. शरीर पोटॅशियमचं प्रमाण स्वतःच राखतं, जास्तीचं लघवीवाटे बाहेर टाकतं. जास्त खाल्लं म्हणून साठा वाढत नाही. शरीराला मिळणारी किरणांची मात्रा मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. या साठ्यामुळे वर्षाकाठी मिळणारी मात्रा ०.१७ मिलिसिव्हर्टच्या आसपास असते, आणि ती माणसाला जन्मापासून मिळत आली आहे. शेतीशी संबंध असेल तर आणखी एक लक्षात ठेवा : म्युरेट ऑफ पोटॅशच्या पन्नास किलोच्या पोत्यात साडेसात लाख बेकरेलच्या आसपास पोटॅशियम-४० असतं. गोदामात कुणी गायगर काउंटर पोत्याला लावला आणि तो टिकटिकू लागला, तर ती भेसळ नाही. ते पोटॅशच आहे.

पोटॅशियमच्या जोडीला कार्बन-१४ असतो, त्याचेही तीन-साडेतीन हजार बेकरेल. पण त्याचे किरण इतके दुबळे की ते त्वचेबाहेर येतच नाहीत. आणखी एक पदार्थ फार थोडा असतो, पण त्रासदायक आहे : पोलोनियम-२१०. तंबाखूच्या पानावर तो बसतो, आणि सिगारेट-बिडीच्या धुरातून थेट फुप्फुसात उतरतो. सोलापुरात विडी वळणाऱ्यांची आणि ओढणाऱ्यांचीही संख्या मोठी, म्हणून हे ठासून सांगतो : रेडिएशनच्या भीतीने ज्याची झोप उडाली आहे आणि ज्याच्या खिशात विडीचं बंडल आहे, त्याने पहिलं काम बंडल टाकून देण्याचं करावं. पोलोनियम अल्फा किरण सोडतो, ते अंगाबाहेर पोहोचत नाहीत. त्यामुळे बाहेर ठेवलेल्या यंत्राला तो दिसत नाही, लघवीच्या रासायनिक तपासणीतच सापडतो.

पायाखालच्या जमिनीबाबत मात्र आपलं बरं आहे. सोलापूर जिल्हा दख्खनच्या काळ्या पाषाणावर, बसाल्टवर वसलेला. ग्रॅनाइटच्या मानाने त्यात युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम कमी. जगाची सरासरी धरली तर निसर्गातून माणसाला वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. त्यातला मोठा वाटा जमिनीतून आणि भिंतींतून घरात शिरणाऱ्या रेडॉन वायूचा. त्यावर साधा उपाय म्हणजे खिडक्या उघड्या ठेवणं.

आता कृत्रिम किरणोत्सर्गाकडे येऊ. आरटीच्या पेटीला, म्हणजे ‘कॅमेऱ्या’ला, आत जड धातूचं कवच असतं आणि त्यात बहुधा इरिडियम-१९२ चा छोटा स्रोत असतो. त्याचं अर्धआयुष्य ७४ दिवस. काही कारखान्यांत टाकीतली पातळी मोजायला सिझियम-१३७ चे गेज असतात, कापड, कागद किंवा प्लास्टिकच्या पट्टीची जाडी मोजायला क्रिप्टॉन-८५ सारखे स्रोत वापरतात. हे सगळे सीलबंद असतात. त्यांतून किरण बाहेर येतात, पदार्थ येत नाही. दिवसभर उन्हात राबलेला माणूस सावलीत आला की त्याच्या अंगातून ऊन बाहेर पडत नाही, पण पाठ भाजलेली असू शकते. तसंच हे. गॅमा किरण अंगातून गेले म्हणून अंग किरणोत्सर्गी होत नाही, आणि म्हणून अंगातला किरणोत्सर्ग मोजून झालेली इजा कळत नाही.

यासाठी दोन घटना ध्यानात ठेवाव्यात. २०१० च्या एप्रिलमध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात कोबाल्ट-६० च्या पेन्सिली सापडल्या. दिल्ली विद्यापीठाने लिलावात काढलेल्या जुन्या यंत्रातल्या त्या होत्या. एकाने त्यातला तुकडा पाकिटात ठेवला, बाकीचे दुकानात त्याच्या जवळपास बसून राहिले. एकाचा जीव गेला, इतर काही जण गंभीर आजारी पडले. इथे मुख्य धोका बाहेरून लागलेल्या किरणांचा होता. त्याचा माग रक्तातल्या पांढऱ्या पेशींवरून आणि गुणसूत्रांच्या मोडतोडीवरून काढतात. दुसरी घटना ब्राझीलच्या गोयानियाची, १९८७ ची. तिथे भंगारवाल्यांनी उपचाराच्या यंत्रातली सिझियम-१३७ च्या क्षाराची कुपी फोडली. निळसर चमकणारी ती पूड लोकांनी हाताळली, अंगाला चोळली, घरोघर नेली. चौघे दगावले. एक लाखाहून अधिक माणसं तपासली गेली, २४९ जणांच्या अंगावर वा अंगात सिझियम सापडलं. इथे पदार्थ पोटात गेला होता, म्हणून शरीरातले बेकरेल मोजावे लागले आणि ते बाहेर काढायला ‘प्रशियन ब्लू’ हे औषध द्यावं लागलं. पहिल्या घटनेत दुसरीची तपासणी केली असती तर यंत्राने ‘काही नाही’ असं सांगितलं असतं, आणि माणूस आतून पोळलेलाच राहिला असता.

तेव्हा आरटी करणाऱ्याने आणि गेजच्या देखभालीवर असणाऱ्याने सगळ्यात आधी आपल्या छातीवरच्या टीएलडी बॅजकडे बघावं. चिंचोळीतल्या कामगाराला मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या कुठल्याही मोठ्या यंत्रापेक्षा हा बॅज जास्त उपयोगाचा आहे, असं माझं ठाम मत आहे. त्याच्या आत कॅल्शियम सल्फेटात थोडं डिस्प्रोशियम मिसळून टेफ्लॉनमध्ये बसवलेल्या तीन चकत्या असतात. किरण लागले की ऊर्जा त्यांत अडकून राहते. प्रयोगशाळेत चकती तापवली की ती ऊर्जा उजेडाच्या रूपात सुटते, आणि त्या उजेडावरून मात्रा काढतात. साधारण दर तीन महिन्यांनी बॅज बदलून जातो आणि अहवाल येतो.

इथेच गोंधळ होतात. बॅज रक्षण करत नाही, तो फक्त नोंद करतो. ‘बॅज लावलाय, आता दोरीच्या आत गेलं तरी चालतं’ असं म्हणणारे कामगार आणि ते चालवून घेणारे सुपरवायझर, दोघेही चुकतात. बॅज छातीच्या उंचीवर, समोरच्या बाजूने लावायचा. शिशाचा एप्रन घालत असाल तर त्याच्या आतून. एकाचा बॅज दुसऱ्याने लावायचा नाही, माणूस गावी गेला म्हणून बदलीच्या माणसाला तर मुळीच नाही. चैत्र-वैशाखात सोलापूरचा पारा ४२-४३ च्या पुढे जातो. अशा दिवसांत बॅज मोटारसायकलच्या डिकीत किंवा गाडीच्या काचेमागे ठेवला तर उष्णतेने त्यातली साठलेली नोंद उतरू शकते. काम संपलं की ठरलेल्या जागी, किरणांपासून दूर, तुलनेसाठी ठेवलेल्या कंट्रोल बॅजच्या शेजारी तो ठेवायचा. आणि स्वतःचा एक्स-रे किंवा सीटी स्कॅन काढायला दवाखान्यात जाताना तो लावून जायचा नाही. ती मात्रा नोकरीच्या खात्यात जमा झाली तर चौकशी भलत्याच गोष्टीची सुरू होते.

अहवाल हातात आला की आकडे वाचायला शिका. अणुऊर्जा नियामक मंडळाने, म्हणजे एईआरबीने, किरणांत काम करणाऱ्यासाठी पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट, म्हणजे सरासरी वर्षाला २०, आणि कुठल्याही एका वर्षात ३० ही मर्यादा घातली आहे. सर्वसामान्य माणसासाठी ती वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे. शेजारच्या लेथवर काम करणारा, दोरीबाहेरून जाणारा, गेटवरचा वॉचमन हे सगळे ‘सर्वसामान्य’मध्ये येतात. म्हणून दोरी कुठे बांधली आहे, हे विचारायचा त्यांनाही हक्क आहे. ती जागा सर्व्हे मीटरने मोजून ठरवायची असते, अंदाजाने नाही. अंतर दुप्पट केलं की मात्रा चौथ्या हिश्श्यावर येते, ही सवलत फुकट मिळते, ती घ्या. बॅजवर अचानक मोठा आकडा आला, तर रेडिएशन सेफ्टी ऑफिसरमार्फत चौकशी होते, आणि गरज वाटली तर रक्तातली गुणसूत्रं तपासतात. ही तपासणी साधारण १०० मिलिसिव्हर्टपासून वरच्या मात्रेलाच खरी बोलते. त्याखाली ती करून हाती काही लागत नाही.

पदार्थ आत जाण्याची वाट एमआयडीसीत एके ठिकाणी मात्र खरोखर उघडी असते, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. टिग वेल्डरच्या डब्यात टंगस्टनच्या कांड्या असतात. ज्या कांडीचं टोक लाल रंगवलेलं असतं, तिच्यात २ टक्के थोरियम ऑक्साइड असतं. २.४ मिलिमीटर जाडीची, १५० मिलिमीटर लांबीची एक लाल कांडी घ्या : तिच्यात थोरियम-२३२ चे सुमारे नऊशे बेकरेल असतात. आकडा पोटॅशियमच्या चार हजारांपेक्षा लहान दिसतो, पण बेकरेलला बेकरेल सारखा धरायचा नसतो. थोरियम फुप्फुसात बसून अल्फा किरणांचा मारा करतं, आणि श्वासातून गेलेलं थोरियम हाडांत व फुप्फुसात वर्षानुवर्षं राहतं. कांडी हातात धरली, तिच्यावर वेल्डिंग केलं, तर त्रास नगण्य. त्रास टोक काढताना होतो. वेल्डर बेंच ग्राइंडरवर कांडी धरतो, ठिणग्यांबरोबर बारीक धूळ उडते, ती त्याच्या नाकासमोरच असते. दिवसातून कित्येकदा. पुढे तोच ग्राइंडर दुसऱ्या कामाला वापरतात, आणि संध्याकाळी त्याखालची धूळ झाडूने झटकतात.

इथे वेल्डरला मुंबईला तपासणीला पाठवण्याची गरज नाही, कांडी बदलण्याची आहे. लँथनमची कांडी तेच काम करते आणि ती दुकानात मिळते. १.५ टक्केवालीचं टोक सोनेरी, २ टक्केवालीचं निळं. खरेदी विभागाला एका ओळीचा बदल करायचा असतो, एवढंच. लाल कांड्यांचा साठा संपेपर्यंत वापरायच्याच असतील, तर टोक काढायला वेगळा, धूळ ओढून घेणारा ग्राइंडर ठेवा, चांगला मास्क लावा, फरशी ओल्या फडक्याने पुसा, झाडू नका. फाउंड्रीत झिरकॉन वाळू वापरत असाल तर तिच्यातही युरेनियम-थोरियम असतंच. तिथेही हाच नियम : धूळ उडू देऊ नका. तसं तर सिलिकाच्या धुळीसाठी हे करायला हवंच होतं.

आता ते मोठं यंत्र. ‘होल बॉडी काउंटर’ नावाची ही यंत्रणा भाभा अणुसंशोधन केंद्रात ट्रॉम्बेला आहे आणि तारापूरसारख्या अणुवीज केंद्रांवर तिथल्या कामगारांसाठी असते. माणसाला अंघोळ करायला लावतात, घड्याळ-अंगठी काढतात, स्वच्छ कपडे देतात, कारण कपड्यावरची धूळ आतली म्हणून मोजली जाऊ नये. मग जाड पोलादी भिंतींच्या खोलीत किंवा कवच लावलेल्या पलंगावर त्याला झोपवतात. बाहेरचा नैसर्गिक किरणोत्सर्ग आत येऊ नये, म्हणून ते पोलाद. सोडियम आयोडाइडचे किंवा जर्मेनियमचे शोधक अंगातून येणाऱ्या गॅमा किरणांची ऊर्जा मोजतात. मोजणी काही मिनिटांची असते, काही टोचत नाहीत, दुखत नाही. पडद्यावर उंचवटे दिसतात : १,४६१ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला पोटॅशियम-४० चा, तो प्रत्येकाचा असतोच. ६६२ ला उंचवटा आला तर सिझियम-१३७. ३६४ ला आला तर आयोडिन-१३१, आणि तो तर गळ्यातल्या थायरॉइडवर शोधक धरून वेगळा मोजतात. स्नायू जास्त त्याचा पोटॅशियमचा उंचवटा मोठा, म्हणून पैलवानाचा आकडा आजीच्या आकड्यापेक्षा जास्त येईल. त्यात काळजीचं काही नाही.

या यंत्राला गॅमा न सोडणारं काहीच दिसत नाही : पोलोनियम, ट्रिटियम, प्लुटोनियम. त्यांच्यासाठी चोवीस तासांची लघवी गोळा करतात, थोरियमच्या कामगारांच्या बाबतीत श्वासातून बाहेर पडणारा थोरॉन वायूही मोजतात. वेळही महत्त्वाची. आयोडिन-१३१ आठ दिवसांत निम्मं होतं. महिना-दोन महिन्यांनी मोजायला गेलात तर हाती काही लागत नाही. सिझियम अंगातून निम्मं व्हायला तीन महिन्यांच्या आसपास लागतात. म्हणून घटना घडली की त्याच दिवशी वेळ, जागा, कुणी काय हाताळलं, हे कागदावर लिहून ठेवा. तपासणी करणाऱ्याला तुमच्या भीतीपेक्षा ही नोंद जास्त उपयोगी पडते. ही तपासणी मनात आलं म्हणून करून मिळत नाही. कंपनीच्या सेफ्टी ऑफिसरमार्फत, रुग्णालयामार्फत किंवा एईआरबीमार्फत ती ठरते, आणि कारण नसेल तर ती करूही नये.

ज्यांच्या अंगात कृत्रिम किरणोत्सर्ग खरोखर असतो, अशी माणसं आपल्या ओळखीत असतात : रुग्ण. हाडांच्या स्कॅनसाठी टेक्नेशियम-९९एम दिलेला, पेट स्कॅन झालेला, थायरॉइडच्या कॅन्सरवर आयोडिन-१३१ घेतलेला. टेक्नेशियम सहा तासांत निम्मा होतो, पेटचा फ्लोरिन-१८ दोन तासांच्या आत. आयोडिनचे उपचार घेतलेल्याने मात्र डॉक्टरांनी सांगितलेले दिवस लहान मुलांपासून आणि गरोदर बाईपासून अंतर ठेवायचं, भरपूर पाणी प्यायचं, संडासात दोनदा पाणी ओतायचं. विमानतळ, बंदर किंवा पोलाद कारखान्याचं गेट इथे मॉनिटर वाजू शकतो, म्हणून रुग्णालयाचं पत्र खिशात ठेवायचं. बॅज लावणाऱ्या कामगारावर असे उपचार झाले तर कामावर परतण्यापूर्वी सेफ्टी ऑफिसरला सांगायचं, नाहीतर स्वतःच्याच अंगातले किरण बॅजवर नोंदले जातात.

भंगाराचं काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. २००८ च्या ऑक्टोबरात फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडला. ते पोलाद आपल्या खोपोलीच्या एका फाउंड्रीत वितळवलेलं होतं. भंगारात कुठून तरी स्रोत आला, वितळला आणि धातूत मिसळून गेला. ती बटणं जोडणाऱ्या कारखान्यातल्या सुमारे वीस जणांना १ ते ३ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळाली. फाउंड्री चालवत असाल, तर भंगाराच्या वजनकाट्यापाशी एक सर्व्हे मीटर ठेवणं परवडतं. वितळलेली एक भट्टी वाया जाणं परवडत नाही. आकाराच्या मानाने विलक्षण जड डबा, त्यावर पिवळ्या पार्श्वभूमीवर तीन पात्यांचं चिन्ह, असं दिसलं तर गॅस कटर लावायचा नाही, उचलायचा नाही. माणसं दूर करायची, ११२ ला फोन करायचा आणि एईआरबीला कळवायचं. हात लागलाच असेल तर कपडे पिशवीत बांधून बाजूला ठेवायचे, अंग साबणाने धुवायचं, आणि तपासणी होईपर्यंत तोंडात विडी-तंबाखू-चहा काही घालायचं नाही. कारण पदार्थ आत जाण्याची सगळ्यात सोपी वाट हातातून तोंडात.

पैसे कशावर घालवू नयेत, हेही सांगतो. केस-नखं पाठवून ‘रेडिएशन रिपोर्ट’ देणाऱ्या जाहिराती, डिटॉक्सच्या पुड्या, मोबाइलला चिकटवायचे स्टिकर. मोबाइल टॉवरच्या लहरींचा आणि किरणोत्सर्गी पदार्थांचा संबंध नाही, त्यांनी शरीरात बेकरेल येत नाहीत. ऑनलाइन मागवलेला छोटा गायगर काउंटर छातीवर धरून अंगातला साठा कळत नाही. भंगारातल्या जोरदार स्रोताची खबर तो देईल, तेवढाच त्याचा उपयोग. आणि आयोडिनच्या गोळ्या आपल्या मनाने खाऊ नयेत, थायरॉइड बिघडतो.

बॅज लावून काम करणाऱ्या बाईने गरोदर असल्याचं कळताच कंपनीला लेखी कळवावं. त्यानंतर बाळाला मिळणारी मात्रा उरलेल्या दिवसांत १ मिलिसिव्हर्टच्या आत ठेवणं, त्यासाठी काम बदलून देणं, ही मालकाची जबाबदारी होते. आणि ठेकेदाराकडे आज इथे, उद्या पुण्याला, परवा कर्नाटकात असं काम करणाऱ्यांनी एक करावं. टीएलडी नंबर त्या माणसाचा असतो, कंपनीचा नसतो, तो आयुष्यभर तोच राहतो. त्यावरची मात्रा देशाच्या नोंदवहीत जमा होत जाते. नोकरी सोडताना पीएफच्या कागदांबरोबर तो नंबर आणि आजवरच्या मात्रेचा कागद मागून घ्या, नव्या ठिकाणी तोच नंबर द्या. नवा नंबर घेतला तर आधीच्या वर्षांची मात्रा कोऱ्या खात्यात हरवते, आणि पाच वर्षांच्या १०० मिलिसिव्हर्टचा हिशेब कुणालाच लावता येत नाही.